कुर्डुवाडीला कसला आलाय वारसा?

घरसजावटीच्या पुरवण्यांतून आणि फर्निचरच्या जाहिरातींतून गेली काही वर्षं एक सिद्धांत फिरतो आहे. प्रत्येक शहराची स्वतःची ओळख असते, ती खुर्ची-टेबलात उतरवली की संस्कृती टिकते आणि कारागीरही जगतो, असा तो सिद्धांत. मग पुण्यासाठी महिरपीच्या पाठीचा सोफा, मुंबईसाठी आर्ट डेको वळणाचं कपाट, कोल्हापूरसाठी चपलेची वेणी मिरवणारी खुर्ची आणि पैठणसाठी अर्थातच मोर. या सिद्धांताला एक शेपूटही आहे. ते छापत नाहीत, पण बोलताना बाहेर पडतं. ज्या गावाला राजवाडा नाही, घाट नाही, नावाजलेली पेठ नाही, त्या गावाकडे लाकडात उतरवण्यासारखं काही नसतं म्हणे. उदाहरण द्यायची वेळ आली की हमखास एखादं जंक्शन आठवतं. दौंड, मनमाड, नाहीतर कुर्डुवाडी. तिथे गाडी बदलायची, चहा प्यायचा आणि पुढे जायचं. तिथे वारसा कसला आलाय?

मला या सिद्धांताचं शेपूट मान्य नाही आणि धडही मान्य नाही. दोन्हींचा समाचार घेण्यासाठी कुर्डुवाडीइतकं सोयीचं गाव दुसरं सापडणार नाही.

आधी शेपूट. ज्या शहरांना फर्निचरचा वारसा आहे असं आपण बिनतक्रार मान्य करतो, त्यांच्याकडे तो आला कुठून? मुंबईच्या इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या. मुंबईवरच्या प्रत्येक प्रदर्शनात तिचा फोटो असतो. तिचं घराणं मात्र व्हिएन्नाचं. मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ मध्ये बाजारात आणलेली १४ क्रमांकाची खुर्ची ही तिची आजी. वाफेवर वाकवलेले सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट; बास. सुट्या केल्या तर अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. म्हणजे ही खुर्ची बसण्यासाठी जितकी घडवली, तितकीच बोटीतून आणि मालगाडीतून जाण्यासाठी घडवली होती. तिच्यावर ना गेटवे कोरलेला, ना समुद्राच्या लाटा. तरी ती मुंबईची झाली, कारण अरुंद जागेत ती मावली, एका हाताने उचलता आली, आणि ब्रूनमस्का संपेपर्यंत माणूस तिच्यावर बसला की पुढच्या गिऱ्हाइकासाठी पटकन मोकळीही करता आली.

मुंबईच्या कोरीव शिसवी फर्निचरचीही तीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकात ते भरभराटीला आलं तेव्हा त्याचे आकार युरोपीय दिवाणखान्याचे होते, त्यावरची पानं-फुलं इथल्या सुतारांची होती आणि गिऱ्हाईक होतं गोरे साहेब व त्यांच्या तोलामोलाने राहू पाहणारे धनिक. त्या काळी सामान्य मराठी घर पाटावर जेवत होतं, घोंगडीवर बसत होतं आणि बाजेवर झोपत होतं. आज कुणी 'अस्सल' म्हणून शिसवी सोफ्याकडे बोट दाखवतो तेव्हा तो साहेबाच्या दिवाणखान्याकडे बोट दाखवत असतो, हे त्याच्या गावीही नसतं. आणि आमच्या जिल्ह्याची शान असलेली सोलापुरी चादर? ती ज्यांनी नावारूपाला आणली ते पद्मशाली विणकर तेलंगणातून आलेले. वारसा म्हणजे इथेच उगवलेली वस्तू, ही कसोटी लावली तर मुंबईही नापास होते आणि सोलापूरही. कुठून तरी आलेली वस्तू वापरून, दुरुस्त करून, आपल्या गरजेला वाकवून गाव ती आपली करतं. आणि कुठून तरी आलेल्या गोष्टी उतरतात, तुटतात, दुरुस्त होतात, पुढे जातात ते ठिकाण म्हणजेच जंक्शन. या हिशेबाने जंक्शनचा दावा राजवाड्यापेक्षा बळकट निघतो.

आता कुर्डुवाडीचा स्वतःचा दावा.

मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० च्या सुमारास सोलापुरात पोचली. वाटेत बार्शीसारखी मोठी बाजारपेठ मात्र रुळांपासून वीसेक मैल लांब राहिली. कापूस, गळिताचं धान्य, भुसार, सगळं बैलगाडीने स्टेशनवर आणायचं. कुर्डुवाडीच्या या स्टेशनचं नावही तेव्हा 'बार्शी रोड'. म्हणजे स्टेशनला नावदेखील दुसऱ्या गावावरून उसनं घेतलेलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने या वीस मैलांचा प्रश्न हातात घेतला. जीआयपीत नोकरी केलेला हा माणूस. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी धावू लागली.

छोट्या रुळांच्या गाड्या त्याआधीही होत्या. कॅलथ्रॉपचं वेगळेपण त्याच्या हिशेबात होतं. त्याने ठरवलं की इंजिन असो वा मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. भार सारखा वाटला गेला की रूळ हलके चालतात. बार्शीच्या मार्गावर यार्डाला फक्त ३० पौंड वजनाचा रूळ पुरला. रूळ हलका म्हणून पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. तरी डबे खेळण्यातले नव्हते. दाबीव पोलादाचा एकच ठरलेला सांगाडा, त्याखाली बोगी, आणि त्याच सांगाड्यावर गरजेप्रमाणे कधी उघडा डबा, कधी बंद डबा. एक सांगाडा दुरुस्त करायला शिकलेला फिटर सगळेच सांगाडे दुरुस्त करू शकत होता. हिंदुस्थानात पाठवण्याआधी कॅलथ्रॉपने हे डबे आणि लीड्सच्या किटसन कंपनीची इंजिनं लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता रूळ टाकून चारचौघांना चालवून दाखवली. बार्शीच्या अनुभवावर पुढे १९०४ मध्ये त्याने इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे उभी केली. म्हणजे विलायतेने कुर्डुवाडीकडून उचललं. लहान गावांनी मोठ्या शहरांकडे बघून शिकावं असं मानणाऱ्यांनी हा प्रवास उलट्या दिशेने झालाय याची नोंद घ्यावी. (हाच माणूस पुढे विमानचालकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवण्यामागे लागला. वजन जमिनीपर्यंत सुखरूप कसं पोचवायचं, हा एकच प्रश्न त्याला जन्मभर पुरला असावा.)

यावर कुणी म्हणेल, ही रेल्वे झाली, फर्निचर कुठे आहे? मी म्हणतो, फर्निचर दुसरं असतं तरी काय! माणसाचं किंवा सामानाचं वजन कमीत कमी मालात, मोडणार नाही अशा रीतीने जमिनीपर्यंत नेणं, आणि मोडलंच तर जवळच्या माणसाकडून दुरुस्त होणं. खुर्चीचे चार पाय आणि मालडब्याचे चार आस यांच्यापुढचा प्रश्न एकच आहे. पेशव्यांच्या महिरपीतून खुर्चीला दागिना मिळतो. कॅलथ्रॉपच्या सांगाड्यातून खुर्चीला खुर्चीपण मिळतं. त्यातलं अधिक मोलाचं काय, हे फर्निचर बनवणाऱ्यालाच विचारा. विकणाऱ्याला विचारू नका.

पुढे हा मार्ग वाढत गेला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सव्वातीनशे किलोमीटरांचं हे जाळं आणि त्याच्या मध्यावर कुर्डुवाडी, जिथे मोठी लाइन आणि छोटी लाइन भेटायची. भेटायची खरी, पण जुळायची नाही. मोठ्या गाडीतलं प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून छोट्या गाडीत जायचं, आणि मुंबई-पुण्याहून पंढरीला निघालेला प्रत्येक प्रवासी इथे उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघायचा. आषाढी-कार्तिकीला ही वाट बघणाऱ्यांची संख्या किती होत असेल याची कल्पना कुणालाही यावी. रात्र रात्र काढायची फलाटावर. बाक भरला की माणूस स्वतःच्या ट्रंकेवर बसे, वळकटी सोडून आडवा होई, गाठोडं उशाला घेई. पत्र्याची ट्रंक हे या मुलखाचं पहिलं फोल्डिंग नसलेलं फोल्डिंग फर्निचर म्हणावं लागेल. घरात कपाट, प्रवासात आसन, मुलगा शिकायला परगावी गेला की त्याचं टेबल.

कुर्डुवाडीचा फर्निचरविषयक वारसा शोधायचा तर तो इथे आहे. ओझं बदलणं, वाट पाहणं आणि मोडलेलं पुन्हा चालतं करणं या तीन कामांत. नॅरोगेजच्या, म्हणजे छोट्या लाइनच्या, दुरुस्तीसाठी गावात रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि त्याने फिटर, टर्नर, लोहार, सुतार, पेंटर यांच्या पिढ्या घडवल्या. राजाश्रय म्हणजे फक्त संस्थानिकाचा, असं कुणी ठरवलं? सावंतवाडीच्या दरबाराने गंजिफा आणि लाखकाम जपलं याचा आपण योग्यच अभिमान बाळगतो. कुर्डुवाडीत हातांना वळण लावण्याचं तेच काम भोंग्यावर चालणाऱ्या कारखान्याने केलं. तिथे मखमल नव्हती म्हणून ते हिशेबातच धरायचं नाही का?

इथवर शेपूट. आता धड, म्हणजे 'ओळख उतरवायची' हा मूळ सिद्धांत. तो अधिक धोकादायक आहे, कारण तो ऐकायला गोड लागतो.

उद्या एखाद्या कंपनीने कुर्डुवाडीचीही मालिका काढायची ठरवली तर त्यात काय काय असेल याचा अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही. बैलगाडीच्या चाकावर काच ठेवून केलेली टीपॉय. सिग्नलच्या हातासारखं शेल्फ. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्टेशनचं नाव लिहिलेली खुर्चीची पाठ. वाफेच्या इंजिनाची छपाई केलेल्या उशा. आणि या सगळ्यांच्या मध्यभागी 'जुन्या रेल्वे स्लीपरपासून बनवलेलं' डायनिंग टेबल.

त्या टेबलापाशी थोडं थांबतो, कारण वारशाच्या नावाने चालणाऱ्या धंद्याचं ते सगळ्यात नमुनेदार उदाहरण आहे. रेल्वेने काँक्रीटचे स्लीपर घातले तसे लाकडी स्लीपर भंगारात निघाले आणि त्यांची फर्निचरं होऊ लागली. लाकूड उत्तम, इतिहास जिवंत, झाडही तोडावं लागत नाही. विक्रीचं वाक्य तयार. पण रुळाखाली गेलेला प्रत्येक स्लीपर सारखा नसतो. साल किंवा सागाचं लाकूड मुळात टिकाऊ, ते पुष्कळदा तसंच वापरलं जाई. चीड, देवदारासारखं नरम लाकूड वाळवीपासून वाचवण्यासाठी क्रिओसोटमध्ये मुरवलं जाई. क्रिओसोट डांबरापासून निघतं आणि कर्करोगाशी त्याचा संबंध असण्याची दाट शक्यता जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेली आहे. युरोपीय देशांत असं लाकूड घराच्या आत वापरायला मनाई आहे. शिवाय वर्षानुवर्षं त्यावर इंजिनाचं तेल आणि डब्यांतली घाण पडलेली. अशा टेबलावर आपण पोळी ठेवणार, मूल त्यावर गाल टेकून अभ्यास करणार. 'वारसा' हा शब्द लावला की गिऱ्हाईक इतकं साधं विचारायचंही विसरतं की बाबा, हे लाकूड कुठलं आणि यात काय मुरलंय? साध्या प्लायच्या कपाटाबद्दल मात्र तोच माणूस दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो.

चित्रं उतरवण्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो भावनेला हात घालणारा आहे. कारागिराला काम मिळतं ना, मग तुमचं काय जातं? मिळालं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. पण महिरप आज पटाशीने कोरली जात नाही. एमडीएफचा तक्ता सीएनसी मशीनवर चढवला की जे मशीन पुण्यासाठी महिरप कापतं तेच दुपारनंतर जयपूरसाठी झरोका कापतं. फाइल बदलते, इतकंच. वर चिकटवलेल्या सनमायकाला गाव नसतं. इंजिनाचं चित्र कुर्डुवाडीतल्या सुताराच्या हाताखालून न जाताही उशीवर छापलं जातं, आणि छापलं जाणारही तसंच. कारागिराचं नाव जाहिरातीत, मजुरी मशीनला.

खेड्यातल्या सुताराची अवस्था यापेक्षा स्पष्टपणे सांगायला हवी. माढा-बार्शी-करमाळ्याचा हा भाग ज्वारीचा, कमी पावसाचा. उजनीचं पाणी आलं तिथे ऊस आला, पण झाड म्हणजे इथे प्रामुख्याने बाभूळ आणि कडुनिंब. साग बाहेरून येतो. इथल्या सुताराचं खरं लाकूड बाभळीचं. जड, चिवट, कीड लागू नये म्हणून विहिरीत किंवा डबक्यात महिनोन्‌महिने भिजत घातलेलं. त्यातून तो चाकाचा तुंबा आणि आरे, तिफण, कुळव, अवजारांचे दांडे करायचा. ट्रॅक्टर आला, लोखंडी औजारं आली, आणि हे काम गेलं. घरातल्या फर्निचरचं काम परप्रांतातून आलेल्या प्लाय-कारागिरांनी घेतलं. त्यांना दोष नाही, ते जे शिकले ते चोख करतात. पण बाभूळ ओळखणारा माणूस आज दारं-खिडक्यांच्या दुरुस्तीवर दिवस काढतो. 'कुर्डुवाडीच्या संस्कृतीने प्रेरित' सोफ्यात या माणसासाठी कुठे जागा आहे, ते कुणी दाखवावं.

बाभळीत एक अडचण आहे. तिच्या लांब, सरळ फळ्या मिळत नाहीत. खोड वाकडं, तुकडे आखूड. सोफ्याचा आराखडा मुंबईत बसून सागाच्या हिशेबाने काढला की बाभूळ आपोआप बाद. पण आराखडाच आखूड तुकड्यांचा असेल तर? दोन फुटांच्या पट्ट्या, खाली लोखंडी चौकट, प्रत्येक पट्टी स्वतंत्र बोल्टने बसवलेली. डिझाइनरने डोकं लढवायचं ते इथे. १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने जो अहवाल दिला, ज्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी या देशातली सगळ्यात सुंदर घडवलेली वस्तू म्हणून साध्या लोट्याचं नाव घेतलं. त्यावरची नक्षी त्यांनी वाखाणली नाही. पाणी किती मावतं, हातात कसा बसतो, ओतताना तोल कुठे जातो, डोक्यावर कसा राहतो, विकत घ्यायला किती पडतो, अशा प्रश्नांची पिढ्यान्‌पिढ्यांनी दिलेली उत्तरं त्यांना त्यात दिसली. या अहवालाला सहा दशकं उलटून गेली आणि आपण अजून लोट्याचं चित्र उशीवर छापतो आहोत.

माझ्यावर उलटणारा एक आक्षेप मला दिसतो आहे. तुम्ही नॅरोगेजचं कौतुक करता, पण ती गाडी गेली तेव्हा कुर्डुवाडीत कुणी रडलं का? फारसं नाही, आणि रडू नयेच. ती गाडी हळू होती, खच्चून भरायची, पोती उतरवून पुन्हा चढवण्यात माणसांची कंबर मोडायची. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंढरपूर, लातूर, मिरज या सगळ्या बाजूंना टप्प्याटप्प्याने मोठी लाइन पडली ती लोकांच्या मागणीमुळेच. झालं ते चांगलं झालं. नॅरोगेजसाठी गळा काढायला मी बसलेलो नाही. उलट इंजिनाचं चित्र विकणाऱ्यांनाच ती गाडी परत हवी असते, फक्त दिवाणखान्यात आणि बिनधुराची. गाडी गेली तरी तिच्यामागचा हिशेब जात नाही. भार सारखा वाटा, सांगाडा एकच ठेवा, दुरुस्ती गावात होऊ द्या. हा हिशेब आजही कुणी वापरावा, त्याला कोळसा लागत नाही.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. बाक, ट्रंक, घडवंची या वापराच्या वस्तू. वारसा म्हणजे काहीतरी देखणं, उंची. यावर चंडीगडची गोष्ट पुरेशी आहे. पन्नासच्या दशकात पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या सरकारी कचेऱ्या, ग्रंथालयं, महाविद्यालयं यांच्यासाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या बनल्या. स्थानिक सुतारांनी, स्थानिक पद्धतीने, मोठ्या संख्येने. व्ही आकाराचे पाय, जाड लाकूड, कारकुनाने वर्षानुवर्षं रेलून बसावं अशी पाठ. कुणी त्यांना वारसा म्हटलं नाही. मोडल्या तशा त्या गच्च्यांवर फेकल्या गेल्या, भंगाराच्या भावात लिलावात निघाल्या. मग परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि लंडन-पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखो रुपये मिळू लागले. केंद्र सरकारने २०११ मध्ये त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली तोवर बरंचसं सामान निघून गेलं होतं. त्या खुर्चीवर पंजाबचं एकही चित्र नाही. ना फुलकारी, ना भांगडा. हवा, लाकूड, सुतार आणि कचेरी या चारांना दिलेलं ते प्रामाणिक उत्तर होतं, आणि म्हणून ते त्या शहराचं झालं. आपल्या रेल्वे स्टेशनांतले, शाळांतले, तहसील कचेऱ्यांतले जुने सागवानी बाक आज कुठल्या गोदामात कुजताहेत, हे एकदा बघून यायला हरकत नाही.

मग कुर्डुवाडीच्या संस्कृतीतून आलेलं आजचं फर्निचर कसं असेल? मला विचाराल तर त्याची सुरुवात बाकापासून व्हावी, आणि तो बाक आज फलाटांवर, एसटी स्टँडवर, दवाखान्यांत दिसणाऱ्या बाकासारखा नसावा. भोकं पाडलेल्या स्टीलचा बाक सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना, दुपारी टेकवत नाही. त्यातच मध्ये मध्ये हात ठोकलेले असतात, कुणी आडवं होऊ नये म्हणून. ज्या गावाने शंभर वर्षं रात्रभर वाट पाहणाऱ्यांना सांभाळलं, त्या गावात माणसाला आडवं होऊ न देणारा बाक बसवणं हा वारशाचा अपमान आहे. त्यावर इंजिनाचं चित्र काढलं तरी तो धुतला जाणार नाही.

कुर्डुवाडीचा बाक माणसाला झोपू देईल. त्याखाली ट्रंक किंवा आजची चाकांची बॅग पूर्ण आत सरकेल, म्हणजे झोपलेल्याला चोरीची धास्ती नको. त्याच्या एका टोकाला कमरेच्या उंचीवर फळी असेल, डोक्यावरचं ओझं एकट्या बाईला कुणाच्या मदतीशिवाय उतरवता आणि परत चढवता यावं म्हणून. केरळात जुन्या वाटांवर अशाच कामासाठी दगडी चौथरे उभे आहेत. आपल्याकडे ओझं वाहणाऱ्यांची कमी कधीच नव्हती, चौथऱ्यांची होती. बसायच्या जागी बाभळीच्या आखूड पट्ट्या, एक मोडली तर एकच बदलायची. आणि सांगाडा एकच. त्यावर पाठ लावली की बाक, उतरतं फळकूट लावलं की शाळेचं डेस्क, नवार विणली की दवाखान्यात नातेवाइकाला रात्री टेकायला बाज. त्या बाजेवर सोलापुरी चादर अंथरली तर मीही तिला वारसा म्हणेन. दोन माणसांनी उचलता येईल इतकं त्याचं वजन असावं. यात्रेला बाहेर काढता आलं पाहिजे, पावसात आत नेता आलं पाहिजे.

यात देखणेपण येणार नाही असं कुणाला वाटत असेल तर त्याने नीट जुळवलेला बाभळीचा गडद तांबूस तुकडा तेल पाजल्यावर कसा दिसतो ते बघावं.

नगरपरिषद, शाळांच्या समित्या, दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळेच दरवर्षी बाक आणि डेस्क घेत असतात. कॅटलॉग उघडायचं, चित्रावर बोट ठेवायचं, ट्रक मागवायचा. या खेपेला कॅटलॉग मिटा. वजन किती, पट्टी तुटली तर गावात बसवून मिळेल का, बाळंतिणीची आई त्यावर रात्र काढू शकेल का, असं विचारा. वेल्डिंगचं दुकान चालवणारा पोरगा आणि बाभूळ ओळखणारा म्हातारा सुतार दोघेही गावात आहेत. त्यांना एकत्र बसवा, आराखडा काढायला शिकलेलं एखादं पोर सोबत द्या, आणि पहिली ऑर्डर द्या.